लाइट गेली की बोर्ड मरतोय: फ्लॅश झिजली, की बूटलोडरच कच्चा?

मळ्यातला_माणूस · ८ जुलै, रात्री ९:५०

मंडळी, जरा लांबण लावणार आहे. चहा घेऊन बसा.

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं शेड आहे. मोबाईलवरून पाण्याची मोटर चालू-बंद करायचा स्टार्टर बनवतो आम्ही. चिकोडी, रायबाग, अथणी, थोडे संकेश्वरकडं, असे १४० बोर्ड उसात बसलेत. आत एसटीएम३२एफ१०३ प्रोसेसर, ६४ केबी फ्लॅशवाला (फ्लॅश म्हणजे वीज गेली तरी लिहिलेलं टिकवणारी मेमरी, पानापानानं पुसायची). सिम८०० मोडेम, आणि बाहेर एक वेगळी एसपीआय फ्लॅश चिप. नवं फर्मवेअर, म्हणजे बोर्डाचा प्रोग्रॅम, मोडेमवरून एसपीआय फ्लॅशमध्ये उतरतं, मग बूटलोडर, म्हणजे चालू होताना आधी पळणारा छोटा प्रोग्रॅम, ते आतल्या फ्लॅशमध्ये चढवतो.

दोन वर्षं बरं चाललं. यंदा मिरगानंतर ११ बोर्ड परत आले. सप्लाय ठीक, मोडेम ठीक, प्रोसेसर मात्र मुका. अथणीकडचा एक शेतकरी बॉक्स टेबलावर आपटून म्हणाला, "तुमचं मशीन लाइटीला भितंय." मला राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता. प्रत्येक बोर्ड लाइट येता-जातानाच मेलाय.

डीबगर लावून सगळ्यांची फ्लॅश उतरवून घेतली. तीन तऱ्हा दिसल्या:

४ बोर्डांत फर्मवेअर जसंच्या तसं आहे, पण सेटिंगचं पान खराब. मालकाचा फोन नंबर गेलाय, म्हणून कुणाचाच कॉल घेत नाही.

५ बोर्डांत फर्मवेअर अर्धवट. सुरुवातीची काही पानं नवी, पुढं सगळं पुसलेलं.

२ बोर्डांत बूटलोडरचीच पहिली पानं कोरी. हे बघून झोप उडाली.

डेटाशीटमध्ये १०,००० वेळा पुसता-लिहिता येतं असं लिहिलंय. अपडेट तर दोन वर्षांत चारच दिलेत. मग फ्लॅश कशी संपेल?

---

निपाणी_नोड · ८ जुलै, रात्री १०:१५

नकली चिप असंल. निम्म्या बाजारात दुसऱ्याचंच पिल्लू एसटीएमच्या नावानं विकालेत.

---

मळ्यातला_माणूस · ८ जुलै, रात्री १०:२२

माल अधिकृत डीलरकडचा आहे, बिलं आहेत. नकलीवर ढकलून झोपता आलं असतं तर धागा काढला नसता की.

---

जुना_सोल्डर · ९ जुलै, सकाळी ६:४०

सेटिंगच्या पानात फोन नंबराशिवाय काय काय लिहितोस? आणि किती वेळानं? अपडेटचं राहू दे, आधी हे सांग.

---

मळ्यातला_माणूस · ९ जुलै, सकाळी ८:०५

काका, मोटर किती तास चालली त्याचा हिशेब. दर ५ मिनिटांनी. पान पुसायचं, सगळं परत लिहायचं.

---

जुना_सोल्डर · ९ जुलै, सकाळी ८:३०

घ्या. तासाला १२, दिवसाला २८८. १०,००० ला २८८ नं भाग, ३५ दिवस होत नाहीत. तुझी हमी पहिल्या दीड महिन्याच्या आतच संपली, बाळा. वर्षाला एक लाखाच्या वर खोडतोयस तू ते पान. पाटीवर एकाच जागी खोडरबर घासलास तर पाटीलाही भोक पडेल.

दोन वर्षं चाललं कारण १०,००० हा कमीत कमी आकडा असतो, सगळ्यात वाईट परिस्थितीत कंपनी जबाबदारी घेते तो. बऱ्याच चिपा त्याच्या कितीतरी पुढं जातात. पण कोणती जाईल हे कुणी सांगत नाही, म्हणून १४० पैकी ४.

आणि झिजणं म्हणजे एके दिवशी पान फाटलं असं नाही. सेलमध्ये इलेक्ट्रॉन साठवणारा एक लोंबकळता (फ्लोटिंग) गेट असतो, त्याच्या चारी बाजूंनी ऑक्साइड. पुसताना-लिहिताना मोठ्या व्होल्टेजनं इलेक्ट्रॉन त्या थरातून ओढून न्यायचे. दर वेळी थोडे त्या थरातच अडकतात, थर गळका होतो. मग लिहिलेलं लगेच वाचलं तर बरोबर येतं आणि चार आठवड्यांनी उन्हात तापल्यावर बदलतं. तुझा बॉक्स पत्र्याचा आहे का?

---

मळ्यातला_माणूस · ९ जुलै, सकाळी ८:४१

पत्र्याचा. आणि बांधावर, उघड्यावर.

---

टिळकवाडी_टेबल · ९ जुलै, दुपारी १:२०

काका, मी शेवटच्या वर्षाला आहे, प्रश्न बाळबोध वाटेल. प्रोसेसर सेकंदाला लाखो वेळा फ्लॅश वाचतो. वाचल्यानं झिजत नाही का? आणि २० वर्षं टिकेल असं लिहिलेलं असतं ते कशाच्या जोरावर?

---

जुना_सोल्डर · ९ जुलै, दुपारी ३:००

बाळबोध अजिबात नाही, कामावर लागलेली पोरंसुद्धा हे विचारत नाहीत. वाचल्यानं झिजत नाही. पेनड्राइव्हमधल्या नॅण्डमध्ये सारखं वाचून शेजारचे सेल हळूहळू हलतात, पण या चिपांतल्या नॉर जातीत त्याची चिंता नको.

२० वर्षांचं कलम पूर्ण वाच. याच एफ१०३ चं बघ: १०,००० वेळा वापरून झाल्यावर ५५ अंशाला २० वर्षं. १,००० वेळाच वापरलं तर ८५ अंशाला ३० वर्षं, आणि १०५ अंशाला १० वर्षं. म्हणजे वापर, उष्णता आणि काळ हे तिघं एकाच ताटात जेवतात. एकानं जास्त खाल्लं की दुसऱ्याला कमी. जाहिरातीत मात्र मोठा आकडा तेवढा छापतात.

---

खानापूर_पाऊस · ९ जुलै, रात्री ११:३०

मी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे, सध्या बेंगळुरात. हिशेब लिहून लिहून फ्लॅश मारणारा तू पहिला नाहीस, मनाला लावून घेऊ नको. २०२१ मध्ये टेस्लाला अमेरिकेत सुमारे १,३५,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पडद्यामागच्या कॉम्प्युटरमध्ये ८ जीबीची फ्लॅश होती, ती सतत लिहून लिहून संपली, आणि रिव्हर्सचा कॅमेराच दिसेना.

तुझ्या हिशेबाच्या पानाला औषध सोपं आहे. १ केबीचं पान, १६ बाइटची नोंद धर. पुसायचंच नाही, पुढच्या रिकाम्या जागी लिहीत जायचं. पानात ६४ नोंदी बसतात. दोन पानं आलटून पालटून घेतलीस तर १२८ नोंदींमागं प्रत्येक पान एकदाच पुसलं जातं. दिवसाला सव्वादोन वेळा. १०,००० संपायला १२ वर्षं. प्रत्येक नोंदीला क्रमांक आणि सीआरसी (मजकूर बिघडला नाही ना ते तपासायचा आकडा). वाचताना सगळ्यात मोठ्या क्रमांकाची, सीआरसी जुळणारी नोंद घ्यायची. अर्धवट लिहिलेली आपोआप गळते, मागची सापडते.

किंवा सरळ एक फेरॅम (लिहून जवळजवळ न झिजणारी मेमरी) लाव, लिहिण्याचा प्रश्नच मिटला. चार पैसे जास्त जातील.

पण खरं दुखणं हे नाही. त्या ५ आणि २ बोर्डांबद्दल बोलू. बूटलोडर कोणत्या क्रमानं काय करतो, ओळीनं लिही. कोड नको, मराठीत सांग.

---

मळ्यातला_माणूस · १० जुलै, सकाळी ७:१५

रिसेट झाला की शेवटच्या पानात "अपडेट आहे" अशी खूण आहे का बघतो. असली तर आधी खूण पुसतो. मग फर्मवेअरची पानं पुसून एसपीआयमधून ओळीनं कॉपी करतो. मग उडी. खूण नसली तर फर्मवेअरचा पहिला शब्द एफएफ (म्हणजे कोरा) नाही ना एवढं बघून उडी.

---

खानापूर_पाऊस · १० जुलै, सकाळी ७:२८

खूण आधी का पुसतोस?

---

मळ्यातला_माणूस · १० जुलै, सकाळी ७:३५

फाइल खराब असली तर जन्मभर अपडेटच करत बसेल, या भीतीनं...

आई गं. लिहितानाच कळलं.

---

निपाणी_नोड · १० जुलै, सकाळी ७:४०

सातबारा नावावर व्हायच्या आधीच जुना कागद जाळलास मर्दा 😀

---

खानापूर_पाऊस · १० जुलै, सकाळी ९:००

नोड बरोबर बोलला. कॉपी अर्ध्यावर असताना लाइट गेली, तर परत आल्यावर बूटलोडरला आठवणच नाही की आपण काहीतरी करत होतो. पहिला शब्द तर जागेवर आहे, कारण पहिलं पान तू पहिल्यांदा लिहिलंस. मारली उडी, पुढं खड्डा. तुझे ५ बोर्ड.

कॉपी हे असं काम आहे की ते दहा वेळा पहिल्यापासून केलं तरी बिघडत नाही, कारण मूळ प्रत एसपीआयमध्ये शाबूत आहे. म्हणून खूण सगळ्यात शेवटी पुसायची, पूर्ण फर्मवेअरचा सीआरसी आतल्या फ्लॅशमधून परत काढून जुळल्यावर. आणि पहिलं पान सगळ्यात शेवटी लिहायचं. त्यात स्टॅकचा पत्ता आणि रिसेटचा पत्ता असतो. ते पान कोरं आहे तोवर कुणी चुकूनही उडी मारू शकत नाही. लग्नात अक्षता शेवटी पडतात तसं.

जन्मभर अडकायची भीती खरी आहे, तिला वेगळा उपाय. एफ१०३ मध्ये १६ बिटांची १० बॅकअप रजिस्टरं आहेत, नाण्याच्या सेलवर जगतात. प्रयत्नांचा आकडा तिथं ठेव, फ्लॅशमध्ये नको. तीन प्रयत्न फसले की एसपीआयमध्ये कायमची ठेवलेली जुनी खात्रीची प्रत चढव. सेल मेला तर आकडा शून्यापासून सुरू होईल, एवढंच.

कॉपीच्या आधी एसपीआयमधल्या फाइलचाही सीआरसी बघ. आतलं काहीही पुसायच्या आधी, हे सांगायला नको.

---

टिळकवाडी_टेबल · १० जुलै, सकाळी ११:१०

एक अडलं होतं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. एफ१०३ च्या सीआरसी युनिटचं उत्तर कॉम्प्युटरवरच्या झिपवाल्या सीआरसी-३२ शी जुळत नाही. बहुपद तेच आहे, पण बिटांचा क्रम उलटा धरत नाहीत आणि ३२-३२ बिटांनी खायला घालावं लागतं. माझे दोन दिवस त्यात गेले, गाइड सर म्हणाले चिप बदल.

---

जुना_सोल्डर · १० जुलै, दुपारी ४:३०

आता त्या दोन बोर्डांचं, ज्यांचा बूटलोडरच गेला. बूटलोडर स्वतःला पुसत नाही, अपडेट त्याला हात लावत नाही. मग पुसलं कुणी? मला दोन फोटो हवेत. ३.३ व्होल्टची लाइन स्कोपवर, मोडेम नेटवर्क शोधत असताना. आणि फ्लॅशचं कुलूप (पुसायची-लिहायची परवानगी) तू कुठं उघडतोस, कुठं लावतोस ती ओळ.

---

मळ्यातला_माणूस · ११ जुलै, रात्री ८:५०

काका, स्कोप लावला. तुम्हाला आधीच माहीत होतं ना?

मोडेमची लाइन ४ व्होल्टची. त्याच लाइनवरून ए-एम-एस १११७ रेग्युलेटरनं ३.३ करतो. मोडेमनं नेटवर्क पकडताना ४ ची ३.४ होते, आणि प्रोसेसरपाशी २.३.

कुलूप मेनच्या पहिल्या ओळीत उघडतो. लावत कुठंच नाही.

---

जुना_सोल्डर · ११ जुलै, रात्री ९:३०

माहीत नव्हतं, संशय होता. सिम८०० बोलायला लागला की २ अँपियरपर्यंतचे झटके घेतो, अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडे मोठे, सेकंदाला दोनशेच्या वर. आणि १११७ ला वोल्टभर स्वतःसाठी लागतं. ४ मधून ३.३ मागतोस तेव्हा तो चांगल्या दिवशीही उधारीवर जगतोय. शेजारी दहा एचपीची मोटर सुरू झाली, ती सहा-सात पट करंट ओढते, लाइन बसली, ट्रान्सफॉर्मर हलला... पुढं सांगायला नको.

आता नीट ऐक. एफ१०३ मध्ये पुढच्या चिपांसारखा हवा तिथं लावता येणारा ब्राउनआउट रिसेट (व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की प्रोसेसर थांबवणारा) नाही. आतला साधा रिसेट १.९ व्होल्टच्या आसपास जाऊन पडतो. प्रोसेसरची हमी २.० पर्यंत. मध्ये जो पट्टा उरतो त्यात प्रोसेसर जागाही नाही, झोपलेलाही नाही. तापात बडबडणाऱ्या माणसासारखा. एखादी सूचना चुकीची वाचतो, भलतीकडं उडी मारतो, रॅममधला पत्ता बिघडतो. एरवी रिसेट होऊन विषय संपला असता. पण तुझ्या घराचं कुलूप उघडं, किल्ली कुलुपात, आणि पान पुसायचं फंक्शन दारातच बसलेलं. कचरा पत्ता घेऊन ते चालू झालं की समोर येईल ते पान साफ. हा माझा अंदाज आहे, त्या क्षणाचा फोटो कुणाकडं नाही. पण ३५ वर्षांत असे बरेच पाहिलेत. ॲटमेलच्या जुन्या एव्हीआर चिपांमध्ये ईईप्रॉमचा (आतल्या छोट्या मेमरीचा) पहिला बाइट असाच उडायचा, आणि ॲटमेलनं डेटाशीटमध्येच लिहिलं होतं की व्होल्टेज कमी असताना चिप रिसेटमध्ये धरून ठेवा, ब्राउनआउट चालू करा.

करायचं काय? १११७ फेकून कमी ड्रॉपचा रेग्युलेटर, तोही मोडेमच्या लाइनवरून नाही, १२ व्होल्टवरून वेगळा. रिसेटच्या पायाला मॅक्स८०९ सारखा राखणदार, २.९३ व्होल्टखाली प्रोसेसरला रिसेटमध्ये धरून ठेवणारा. कुलूप लिहायच्या वेळीच उघडायचं, लगेच लावायचं. आणि बूटलोडरच्या ८ केबीला राइट प्रोटेक्शन (लिहायला-पुसायला बंदी). तुझ्या चिपेत एका बिटानं ४ केबी झाकतात, दोन बिटांचं काम. दोन वर्षांपूर्वी ते दोन बिट लावले असतेस तर निदान बूटलोडर वाचला असता.

---

निपाणी_नोड · ११ जुलै, रात्री ९:४२

प्रोटेक्शनचे बिट मोडेमवरूनच पाठवून लावता येतील की सगळ्या बोर्डांत. कशाला गावोगाव फिराचं?

---

खानापूर_पाऊस · ११ जुलै, रात्री १०:०५

नको! हात जोडतो. ते ऑप्शन बाइट (चिपेची स्वतःची सेटिंग) आहेत, बदलायचे तर आधी सगळे पुसावे लागतात. एफ१ मालिकेत पुसलेल्या ऑप्शन बाइटचा अर्थ "वाचनबंदी लागू" असा होतो. त्या क्षणी लाइट गेली तर चिप कुलूपबंद, आणि ती बंदी काढताना चिप स्वतःहून पूर्ण फ्लॅश पुसते. १४० मळ्यांत जाऊन हे करून बसशील. शेडमध्ये, प्रोग्रॅमर लावून, टेबलावरच्या सप्लायवरच.

आणि काकांच्या राखणदाराला एक पुरवणी. राखणदार प्रोसेसरला वाचवतो, पुसत असलेल्या पानाला नाही. पान पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात, मध्येच रिसेट आला तर पान अर्धवट पुसलेलंच राहणार. म्हणून पुसायला सुरुवात करायच्या आधी विचार, पुढचे ४० मिलिसेकंद वीज टिकेल का? उत्तर कपॅसिटरमध्ये असतं. ३.३ च्या बाजूला १०० मायक्रोफॅरड असेल आणि बोर्ड ६० मिलिअँपियर खात असेल, तर ३.३ वरून २.७ ला यायला फक्त १ मिलिसेकंद. तोच कपॅसिटर १,००० चा करून १२ व्होल्टच्या बाजूला टाक. १२ वरून ५ पर्यंत उतरायला ११५ मिलिसेकंदांच्या वर. दोन पानं पुसून होतील. १२ व्होल्ट एडीसीनं मोज, ११ च्या खाली असेल तर पुसायला सुरुवातच करू नको. मोडेमही त्या वेळी बंद ठेव.

लाइट जाताना हिशेब वाचवून ठेवायचा मोह होतो ना? "पॉवर जातेय, पटकन लिहून घेऊ." लिहायला सगळ्यात वाईट मुहूर्त तोच. लिहायचंच असेल तर आधीच पुसून ठेवलेल्या जागी आठ हाफ-वर्ड (१६-१६ बिट) लिही, एकेक ७० मायक्रोसेकंदांच्या आत होतो. पुसणं नाही.

---

मळ्यातला_माणूस · २ ऑगस्ट, रात्री १०:३०

उशीर झाला, माफ करा. पाऊस, आणि बोर्ड बदलायची धावपळ. घटप्रभेला पाणी चढलं होतं, चार दिवस गोकाकच्या पलीकडं जाताच येईना.

नवा बूटलोडर केला. तुम्ही सांगितलात तसाच, वर वॉचडॉगही (प्रोसेसर अडकला की रिसेट मारणारा पहारेकरी) बूटलोडरपासूनच चालू. मग ज्याची भीती वाटत होती ते केलं. एका अर्डुइनो नॅनोला रिले जोडला, तो बोर्डाची वीज मनाला येईल तेव्हा तोडतो. अपडेटला साधारण ४ सेकंद लागतात, त्यातल्या कुठल्याही क्षणी तोडायची, २ सेकंद थांबून परत द्यायची. रात्रभर १० तासांत ६,००० वेळा. बायको म्हणाली घड्याळ टिकटिकालंय की पाल चुकचुकालीय.

सकाळी बघतो तर ३ वेळा अडकून वॉचडॉगनं सोडवलेला. तीनदाच, पण शून्य नाही.

---

खानापूर_पाऊस · २ ऑगस्ट, रात्री ११:००

पुसायच्या आधी पान कोरं आहे का बघून, असेल तर पुसणं टाळतोस का?

---

मळ्यातला_माणूस · २ ऑगस्ट, रात्री ११:०४

हो, झीज वाचावी म्हणून. तुम्ही लोक कॅमेरा लावून बसलाय का माझ्या शेडमध्ये?

---

खानापूर_पाऊस · २ ऑगस्ट, रात्री ११:२५

हा खड्डा सगळ्यांना एकदा लागतोच. पुसताना मध्येच वीज गेली की सेल अधांतरी राहतात. ना धड एक, ना धड शून्य. वाचल्यावर सगळीकडे एफएफ दिसतं, पान कोरं वाटतं. दुसऱ्यांदा वाचलं, किंवा तापमान दोन अंश बदललं, की एखादा बिट शून्य. लिहायला गेलास की चिप बघते, जागा पूर्ण कोरी नाही, आणि प्रोग्रॅमिंग एररचा झेंडा वर करते. तुझा कोड तो झेंडा न बघता फक्त जुळेपर्यंत फिरत बसला असणार.

डोळ्यांना दिसणाऱ्या एफएफवर विश्वास नको. कॉपी पहिल्यापासून सुरू झाली की पान कोरं दिसो न दिसो, पूस. झेंडा वर गेला तर पान परत पुसून तीन प्रयत्न, मग हार मानून रिसेट.

पुढं एसटीएमच्या जी० किंवा एल४ मालिकेवर गेलास तर तऱ्हा वेगळी. तिथं ६४ बिटांना ८ बिटांचा ईसीसी (चूक ओळखणारे जादा बिट) असतो. अर्धवट लिहिलेली जागा नुसती वाचली तरी दोन बिटांची चूक म्हणून एनएमआय (टाळता न येणारा इंटरप्ट) येतो. तो हाताळला नसेल तर बूटलोडर सीआरसी काढतानाच गार.

---

मळ्यातला_माणूस · ५ ऑगस्ट, सकाळी ७:००

तीन रात्री झाल्या. पहिल्या रात्रीसारखंच, रोज ६,०००. अडकणं शून्य. आता हाच बोर्ड रायबागला त्या आपटणाऱ्या पाहुण्यांच्या भावाकडं बसवतो, आज निघालोय.

---

जुना_सोल्डर · ५ ऑगस्ट, सकाळी ७:१२

थांब! कुठला बोर्ड? ज्यावर चार रात्री रिले वाजवलास तो? त्याची सुरुवातीची पानं प्रत्येक वेळी पुसली गेलीत. २४,००० वेळा. हमी १०,००० ची.

---

मळ्यातला_माणूस · ५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

गाडीतून उतरवला. दुसरा घेतला.

---

टिळकवाडी_टेबल · ५ ऑगस्ट, सकाळी ९:४५

दादा, तो झिजलेला बोर्ड टाकून देऊ नका. मला प्रोजेक्टला द्याल का? ओव्हनमध्ये तापवून किती दिवसांनी बिट बदलतात ते बघायचंय. शनिवारी उद्यमबागेत येऊ शकते.

---

मळ्यातला_माणूस · ५ ऑगस्ट, सकाळी १०:०२

ये की. सोबत ते मेलेले ४ पण ने. डबल कुंदा आणलास तर स्कोपही दोन दिवस देतो.